लाकडी श्री

माझ्या टेबलावर एक लाकडी श्री आहे. दोन इंच उंच, शाई मुरून काळाभोर झालेला आणि उलटा; कारण कागदावर सुलट उमटायचं तर अक्षराला मुळात पाठमोरं असावं लागतं. डोळ्यांपेक्षा बोटाला तो जास्त कळतो. उभा दंड करंगळीएवढा जाड. गाठीतून निघणारी रेघ मात्र इतकी बारीक, की लाकडात ती इतकी वर्षं टिकली कशी याचं नवल वाटावं. दंड खाली जिथे संपतो तिथे तो नुसता तुटत नाही. किंचित पसरतो, तिरका होतो आणि मग थांबतो. वेलांटी शिरोरेषेवरून वळते आणि तिच्या टोकाशी एक टपोरा थेंब आहे. उजव्या कोपऱ्यात, म्हणजे छापल्यावर जो डावा होईल त्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढी खपली उडालेली आहे. गेला महिनाभर मी त्या खपलीचा विचार करते आहे.

हा श्री मामांच्या छापखान्यातला. मिरजेत त्यांचा छोटा छापखाना होता. पायाने चालवायचं एक ट्रेडल, भिंतीला टेकून उभे केलेले टाईपांचे घोडे, कागदाच्या रिमा आणि सगळ्यावर शाई-रॉकेलचा वास. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मुलं तिथे तासन्‌तास बसायचो. मामा टाईप म्हणत नसत, खिळे म्हणत. खिळे जुळवणारा तो जुळारी. मामांकडचे जुळारी काका केसकडे, म्हणजे खिळ्यांच्या पेटीकडे, न बघता खिळा उचलायचे. त्यांचा हात कुठे अ आहे, कुठे अर्धा न आहे हे स्वतःच जाणायचा. बारीक मजकूर पायकात, जरा ठळक काही असेल तर ग्रेटमध्ये. हे शब्द इंग्लंडातून आले होते हे मला फार नंतर कळलं. तेव्हा ते मला शेर-पावशेराइतकेच मिरजेचे वाटायचे.

या सगळ्या शिशाच्या खिळ्यांपासून दूर, कोपऱ्यात एक चपटा खण होता. त्यात लाकडाची मोठी अक्षरं. मामा त्यांना ‘मोठी मंडळी’ म्हणत. आम्हाला त्यांना हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून अर्थातच तीच आम्हाला सगळ्यात आवडायची. ही मंडळी रोज कामाला यायची नाहीत. नाटकाचा प्रयोग, उरूस, निवडणूक, कुस्त्यांचं मैदान असं काही गावात असलं की खण उघडायचा. श्री मात्र अपवाद. तो मोठ्या मंडळींत असूनही लग्नसराईत रोज राबायचा, कारण मामांच्या मोठ्या आकाराच्या पत्रिकांवर तोच माथ्याला बसे.

मोठी मंडळी मोजकीच होती. बारीक टाईपचा एकेक खिळा शेकड्यांनी येतो. या खणात एका अक्षराचे दोन, फार तर तीन नग. जोडाक्षरं तर नावालाच. ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’ ही ओळ आमच्या भागात वर्षातून कितीतरी वेळा लागायची, म्हणून त्यातला ‘स्त्यां’ मामांनी एका सुताराकडून मुद्दाम कोरून घेतला होता. एखादा संयोजक ‘महान मल्लांचा महासंग्राम’ असं काही लिहून आणायचा. मामा खणात बघायचे, म मोजायचे आणि म्हणायचे, “यातला एक महा काढा, भव्य घाला. अर्थ तोच राहील.” संयोजक मान डोलवायचा. गावातल्या भिंतींवरची मराठी त्या खणात किती म आहेत यावर थोडीफार ठरत होती, असं आज वाटतं.

पहिला कागद छापून निघाला की मामा तो हातभर लांब धरायचे. बारीक मजकूर ते जवळून तपासत, भिंग लावून. मोठी मंडळी मात्र लांबूनच. मनासारखं झालं असेल तर एकच शब्द बोलायचे, “उठलं.” ठसा उठला, अक्षर उठून दिसलं, काम पुरं झालं, हे सगळं त्या एका शब्दात यायचं. मनासारखं नसेल तर काहीच बोलायचे नाहीत आणि जुळवून आवळलेला फर्मा सैल करायला घ्यायचे.

मजकुराचं अक्षर आणि मथळ्याचं अक्षर यांतला फरक मी तिथे शिकले, तो शब्दांत मांडता यायच्या कितीतरी आधी. मजकुराचं अक्षर घरातल्या बोलण्यासारखं असतं. ते वाचताना अर्थ दिसावा, अक्षर दिसू नये. मथळ्याचं अक्षर दवंडीसारखं. दवंडी पिटणारा आधी डफावर थाप मारतो, माणसं दारात येतात आणि मग बातमी सांगितली जाते. मोठ्या अक्षराची जाडी, त्याची वळणं, टोकाचा तो थेंब ही सगळी डफावरची थाप. डोळा थांबला की मग शब्द.

पुढे मी अक्षरं काढण्याचंच काम करू लागले आणि त्या टोकांचा शोध घेत गेले. रोमन लिपीतल्या अक्षरांच्या टोकांना जे छोटे पाय फुटलेले असतात त्यांना सेरिफ म्हणतात. ते आले कुठून? रोममध्ये सम्राट ट्राजानचा स्तंभ आहे, इ. स. ११३ मधला. त्याच्या पायथ्याशी कोरलेला लेख आजही रोमन मोठ्या अक्षरांचा कित्ता मानला जातो. ही टोकं छिन्नीची, दगडातली रेघ नीट संपवताना पाथरवटाच्या हातून आपोआप घडलेली, अशी समजूत दीर्घकाळ होती. मग एडवर्ड कॅटिच नावाच्या अमेरिकन धर्मगुरूने १९६८ साली एक पुस्तक लिहून वेगळी मांडणी केली. छिन्नी लागण्याआधी ही अक्षरं चपट्या कुंचल्याने दगडावर रंगवली होती आणि ती टोकं कुंचल्याची आहेत, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांना दिसलं, कारण धर्मगुरू होण्याआधी तरुणपणी ते शिकागोत दुकानांच्या पाट्या रंगवत असत. चपटा कुंचला टेकवताना, ओढताना आणि उचलण्याआधी किंचित फिरवताना काय घडतं, हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं.

हे वाचलं तेव्हा मला मिरजेतला पेंटर आठवला. छापखान्यासमोरच्या दुकानाची पाटी तो रंगवत होता आणि मी खाली उभी राहून बघत होते. कुंचला टेकायचा, दबायचा, सरसर खाली यायचा आणि शेवटी मनगटाच्या एका हलक्या वळणाने सुटायचा. त्या वळणाशिवाय टोक केसाळ, फाटकं दिसतं. रेघ नीट सुरू करणं आणि नीट संपवणं, एवढाच तो संस्कार. निरोप न घेता कुणी उठून जाऊ नये, तशी रेघही टोक न बांधता सुटू नये. आपण ज्याला नक्षी म्हणतो ती मुळात ही शिस्त होती.

शिस्तीची हौस कशी झाली ती गोष्ट लंडनच्या भिंतींवरची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या पार्मा शहरात जाम्बातिस्ता बोदोनी जाड रेघ अधिक भरदार आणि बारीक रेघ केसासारखी करत चालले होते. कागद गुळगुळीत झाला होता, छपाई सुबक झाली होती, म्हणून ती बारीक रेघ टिकत होती. त्यांच्या अक्षरांत राजदरबाराची ऐट होती. पुढच्या काही वर्षांत लंडनच्या टाईप ओतणाऱ्यांनी त्याच घडणीतली जाड रेघ आणखी फुगवली, इतकी की अक्षराच्या पोटातली पांढरी जागा फटीएवढी उरली. या अक्षरांना तिथे ‘फॅट फेस’ म्हणू लागले. कारखान्यांचा माल विकायचा होता, नाटकं भरायची होती, लॉटरीची तिकिटं खपवायची होती. भिंतीवर एकाशेजारी एक भित्तिपत्रकं लागली आणि प्रत्येक अक्षराला शेजारच्यापेक्षा मोठ्याने बोलणं भाग पडलं. मग कुणी अक्षराला सावली दिली, कुणी त्याच्या पोटातून पांढरी रेघ ओढली, कुणी वेलबुट्टी भरली. आज जुन्या वळणाचं नक्षीदार अक्षर म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते बहुतेक या एकोणिसाव्या शतकातलं.

पण अक्षर मोठं करायला शिसं कमी पडू लागलं. शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणातून टाईप ओततात. लहान खिळ्याला ते उत्तम. दोन-चार इंचांचं अक्षर ओतलं की ते जड होतं, महाग पडतं आणि थंड होताना त्याचा पृष्ठभाग सपाट राहत नाही. उपाय लाकडात होता. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी १८२७ च्या सुमारास लाकडी टाईप यंत्राच्या मदतीने मोठ्या संख्येने कोरायला सुरुवात केली. मेपलचं कठीण लाकूड आडवं कापून, तंतूंची टोकं वर येतील असं घ्यायचं, म्हणजे दाबाखाली ते चेपत नाही. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्याला पँटोग्राफची जोड दिली. एका साच्यावरून काटा फिरवला की दुसऱ्या टोकाची धार तेच अक्षर लहानमोठ्या आकारांत कोरू लागली. या अक्षरांची उंची ओळींत मोजतात, एक ओळ म्हणजे एक पायका, बारा पॉइंट. त्या हिशेबाने माझ्या टेबलावरचा श्री बारा ओळींचा.

मात्र हा श्री न्यूयॉर्कचा वारसदार आहे तो फक्त लाकडापुरता. त्याचं वळण इथलं, बोरूचं आहे.

रोमन लिहिणाऱ्याची लेखणी आणि देवनागरी लिहिणाऱ्याचा बोरू यांचे छाट परस्परांच्या उलट असतात. रोमन अक्षरात डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड होते. आपल्याकडे उजवीकडून डावीकडे उतरणारी. जाडी कुठे यावी आणि रेघ कुठे निमुळती व्हावी, हे बोरूच्या त्या छाटाने शतकानुशतकं ठरवलं. शिवाय रोमन अक्षरांना ओळीत धरून ठेवायला जी टोकं मदत करतात, त्यांचं काम आपल्याकडे शिरोरेषा करते. अक्षरं तिच्यावर दोरीवरच्या कपड्यांसारखी टांगलेली असतात. म्हणून रोमन अक्षराचे पाय काढून देवनागरीला चिकटवले, किंवा बोदोनीची जाडी-बारकाई मोजून तशीच आपल्या अक्षरावर चढवली, तर अक्षर उसन्या अंगरख्यात उभं राहिल्यासारखं अवघडतं. देवनागरीला सजवायचं तर तिच्याच बोरूला जरा जास्त बोलू द्यावं लागतं.

हे ज्यांना नेमकं कळलं होतं त्यांच्यामुळे मराठी छपाईला रूप आलं. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग छापलं, ते शिळाछापावर. पंचांग ही पवित्र वस्तू. ती छापलेली चालेल का अशी शंका घेणाऱ्या लोकांसमोर त्यांनी ते ठेवलं. पुढे जावजी दादाजी आले. जन्म १८३९ चा. लहान वयातच ते मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाईप घासायच्या कामाला लागले होते. टाईप घासणं म्हणजे ओतलेल्या खिळ्याची कड साफ करणं, दिवसभर प्रत्येक अक्षर हातातून जाऊ देणं. याहून चांगली शाळा त्यांना कुठली मिळाली असती! १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाईपचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी आरू यांनी त्यांच्यासाठी अक्षरं कोरली. पोलादाच्या टोकावर अक्षर कोरायचं, ते तांब्यात ठोकायचं, त्या खळगीत शिसं ओतायचं. इतक्या धातूंतून प्रवास करूनही निर्णयसागरच्या पानावर बोरूचा हात दिसतो. डौलदार गोलाई, उजवीकडून डावीकडे उतरताना भरणारी रेघ, शिरोरेषेला नेमकं मिळणारं टोक. संस्कृत पोथ्यांच्या सुबक आवृत्त्यांनी त्या छापखान्याचं नाव देशभर गेलं. ते नाव जितकं शुद्ध पाठांचं, तितकंच त्या अक्षरांचं.

शोभेचं अक्षर या मुळाची सावली असतं. मूळ ओळखीचं असेल तरच फुगवलेलं रूप ओळखू येतं. मामांच्या खणातला श्री कितीही सजलेला असो, त्याच्या आत बोरूने काढलेला साधा श्री बसलेला आहे. म्हणून तो पत्रिकेवर शोभतो.

हा सगळा विचार मला पुन्हा करावा लागला तो एका लग्नामुळे. माझ्या भाचीचं लग्न ठरलं आणि ती म्हणाली, “आत्या, पत्रिका तूच कर. मला ते जुन्या वळणाचं अक्षर हवं, आजीच्या पत्रिकेसारखं.” मला आनंद झाला. आता हे काम संगणकावर होतं आणि देवनागरीत निवडीला वावही आहे. इंडियन टाईप फाउंड्रीने २०१४ मध्ये ‘रोझा वन’ आणलं. त्यात लंडनच्या त्या फॅट फेसला शोभेल अशी देवनागरी आहे, भरघोस जाड आणि केसासारखी बारीक. कॅथरीन ली श्मिट यांचं ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेलं आहे. दोन्ही अक्षरं मी मान देऊन वापरते, कारण त्यांनी जुन्यातून घडण घेतली आहे.

पण ‘जुनं’ म्हणून जे पुष्कळ विकलं जातं ते वेगळं असतं. त्यात अक्षराला मुद्दाम ओरखडे काढलेले असतात, शाई कमी पडल्यासारखे पांढरे ठिपके टाकलेले असतात, कडा झिजवलेल्या असतात. अशाच एका अक्षरात मी भाचीच्या पत्रिकेची पहिली जुळणी करून पाहिली. मजकुरात म सात वेळा आला. सातही ठिकाणी मच्या पोटावर तोच ओरखडा, त्याच जागी, त्याच लांबीचा. माझं मन त्या पानावरून उठलं. मामांच्या खणातही अक्षरं झिजलेली होती, पण तिथल्या दोन मंच्या जखमा दोन वेगवेगळ्या होत्या. एक खाली पडला होता, दुसऱ्याच्या कडेवर खिळा आपटला होता. खरं जुनेपण एकेकट्याचं असतं. ते नगावर येत नाही.

तेव्हा मी मिरजेला गेले. छापखाना केव्हाच बंद झाला आहे. ट्रेडल भंगारात गेलं, शिसं वजनावर विकलं गेलं. मामांनी खण मात्र ठेवला होता. त्यातला श्री मी मागून आणला, त्यावर शाई लावून ठसा घेतला, तो संगणकावर चढवला आणि पत्रिकेच्या माथ्याला बसवला. कोपऱ्यातली खपली तशीच ठेवली. ही तरी खरी जखम आहे, असं मला वाटलं. खोट्या ओरखड्यांना हे माझं उत्तर होतं आणि मी त्यावर खूश होते.

कच्चा कागद घेऊन पुन्हा मामांकडे गेले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण कागद हातात आला की हात आपोआप लांब होतो. त्यांनी बराच वेळ पाहिलं. काही बोलले नाहीत. मग कागद खाली ठेवून विचारलं, “ही खपली तशीच ठेवलीस?”

मी म्हटलं, “जुना आहे ना श्री. ते दिसावं म्हणून.”

“अगं, जुनं लाकूड आहे. श्री कशाला जुना असेल?”

मग त्यांनी सांगितलं. खपली उडाली त्या दिवसापासून दर लग्नसराईच्या आधी ते तिथे लाख भरायचे, सुकली की कानसीने सपाट करायचे, खाली कागदाचा कपटा लावून उंची नीट करायचे. लाख वर्षभर टिकायची, मग निघायची, मग पुन्हा भरायची. “कुणाच्या घरचं पहिलं कार्य असतं, कुणाचं शेवटचं. त्यांच्या पत्रिकेवर फुटका श्री कसा जाऊ द्यायचा? माझ्याकडचं लाकूड झिजलं, त्यात त्यांचा काय संबंध?”

परतीच्या प्रवासात मी गप्प होते. आम्ही ज्याला जुन्या छपाईचं सौंदर्य म्हणून जपतो, त्यातलं पुष्कळसं त्या लोकांनी आयुष्यभर लपवलेलं, भरून काढलेलं, पुसलेलं आहे. त्यांना अक्षर प्रत्येक वेळी नवं हवं होतं. झीज त्यांच्या वाट्याला यायची, वाचणाऱ्याच्या वाट्याला पूर्ण अक्षर यावं म्हणून. मी त्यांची झीज उचलली होती आणि त्यांची काळजी खणातच ठेवून आले होते.

त्या रात्री मी खपली भरायला बसले. एवढीशी जागा, पण ती शिरोरेषेच्या आरंभाची होती, बोरू कागदाला पहिल्यांदा टेकतो तिथली. तिथे नुसता चौकोन बसवून भागेना. रेघ कुठल्या कोनात सुरू झाली असेल हे कळायला हवं होतं. शेवटी मी बोरू काढला, तासला, शाईत बुडवला आणि कागदावर तेवढीच सुरुवात पन्नास-साठ वेळा गिरवली. टेकवायचं, किंचित दाबायचं, मग ओढायचं. हळूहळू हाताला तो कोन सापडला. मग एकदाच ती कड पडद्यावर आखली. ज्या अनोळखी हाताने हा श्री लाकडात उतरवला, त्याच्या मनगटाजवळ माझं मनगट त्या रात्री क्षणभर तरी पोहोचलं असेल.

पत्रिका छापून आल्या. पहिली गणपतीपुढे ठेवली, दुसरी मामांना द्यायला मी स्वतः गेले. त्यांनी पाकीट उघडलं. मजकुराकडे, नावांकडे, तारखेकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. पत्रिका त्यांनी हातभर लांब धरली, खिडकीतल्या उजेडाकडे जरा तिरकी केली आणि तशीच थोडा वेळ धरून ठेवली.

“उठलं,” ते म्हणाले.